चंबळेचा घडियाल



'सुसरबाई, तुझी पाठ मऊ' ही म्हण आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकलेली आहे. बलवानाच्या तावडींत सांपडलेला दुबळा जीव त्याची खोटी स्तुति करून आपली सुटका करून घेतो, असा तिचा अर्थ मीं जवळजवळ तीस वर्षें मुलांना सांगितला. अर्थ बरोबर होता. परंतु म्हणीबरोबर मी फळ्यावर जें चित्र काढीत असें, तें मात्र चुकीचें होतें. पसरट जबड्याची, तोंड उघडून नदीकांठच्या माणसाकडे धांवणारी मगर मी काढीत असें आणि खालीं ठसठशीत अक्षरांत 'सुसर' असें लिहीत असें. एके वर्षीं पांचवीच्या वर्गांतला एक मुलगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, माझ्या पुस्तकांतल्या सुसरीचें नाक चिमट्यासारखें लांब आहे. तें तसें कां?" त्यानें कोठून तरी एक जुनें सचित्र पुस्तक पैदा केलें होतें. मला उत्तर ठाऊक नव्हतें. ठाऊक नाहीं असें सांगण्याऐवजीं 'चित्रकार चुकला असेल, खालीं बस' असें मीं त्याला दरडावलें, आणि तो बसला. त्यानंतर त्या मुलानें माझ्या वर्गांत दुसरा प्रश्न विचारल्याचें मला स्मरत नाहीं.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस आहें. प्राणिशास्त्राचा पंडित नव्हें. परंतु सेवानिवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली आणि तें चिमट्यासारखें नाक कांहीं केल्या डोळ्यांपुढून हलेना. पुस्तकें चाळलीं, जाणत्यांना विचारलें, आणि शेवटीं दोन वर्षांपूर्वीं त्या प्राण्याला त्याच्या घरीं जाऊन पाहून आलों. आज नभोवाणीवरून मी जें सांगणार आहें, तें त्या मुलाला द्यावयाचें राहून गेलेलें उत्तर आहे असें समजावें.

आधीं नांवांचा घोळ निस्तरावयास हवा. आपल्या बोलण्यांत मगर आणि सुसर हे शब्द एकमेकांच्या जागीं बिनदिक्कत वापरले जातात. सांगलीजवळ कृष्णेंत जी दिसते आणि जिच्यापासून पाण्यांत उतरणाऱ्यांच्या जिवाला खरोखरच धोका असतो, ती मगर. तिचा जबडा रुंद, पाय भक्कम. नदी आटली तर ती डबक्यांत राहील, धरणाच्या फुगवट्यांत राहील, कांठाला बीळ कोरून त्यांत उन्हाळा काढील, आणि वेळ पडली तर रात्रींतून चालत दुसरें पाणी गांठील. लांब नाकाचा प्राणी तो निराळा. त्याला उत्तर हिंदुस्थानांत घडियाल म्हणतात, आणि घोटाळा टाळण्यासाठीं मीही आज तेंच नांव वापरणार आहें. ग्मेलिन नांवाच्या जर्मन निसर्गशास्त्रज्ञानें १७८९ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें व त्याच्या शास्त्रीय नांवांत गंगेचें नांव घातलें. तें योग्यच होतें. सिंधु, गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी आणि ब्रह्मदेशांतील इरावती ह्या त्याच्या नद्या. महानदीच्या दक्षिणेस, म्हणजे आपल्या गोदावरी-कृष्णेंत, तो आढळत नाहीं.

'सुसर' ह्या शब्दाचें मूळ व्युत्पत्तिकार 'शिशुमार' ह्या संस्कृत शब्दांत शोधतात. शिशुमार म्हणजे मुलांना मारणारा. गंमत अशी कीं, त्याच मुळापासून झालेला 'सूंस' हा शब्द उत्तरेकडील लोक गंगेंतल्या डॉल्फिनला लावतात, आणि तो जीव तर डोळ्यांनींही जवळजवळ आंधळा. नांव ठेवणाऱ्यांनीं नदींतल्या सगळ्याच मोठ्या प्राण्यांना एका माळेंत ओंवलेलें दिसतें. मीही फळ्यावर दुसरें काय केलें होतें?

ग्वाल्हेरीस माझा भाचा राहतो. शिंद्यांच्या राजवटींत तिकडे गेलेलीं पुष्कळ मराठी घराणीं अजून तेथें आहेत. त्यांतल्याच एका घरांत त्याचें लग्न झालेलें. 'मामा, फेब्रुवारींत या, थंडी सोसणार असेल तर नदीवर घेऊन जातों' असें तो बरेच दिवस म्हणत होता. त्याप्रमाणें एके दिवशीं पहांटे निघून आम्ही मुरैन्यावरून चंबळेच्या कांठीं पोहोंचलों. पलीकडे धोलपुर, म्हणजे राजस्थान. मध्यें नदी.

चंबळ म्हटलें कीं आपल्यापुढें दरोडेखोर उभे राहतात. दोन्ही कांठांना पावसानें कोरलेल्या मातीच्या घळींचें जें जंजाळ पसरलें आहे, त्याला तिकडे बेहड म्हणतात. त्यांत शिरलेला माणूस शोधणें कठीण. तिचें जुनें नांव चर्मण्वती. रंतिदेव राजाच्या यज्ञांतील पशूंच्या कातड्यांपासून ती निघाली अशी कथा महाभारतांत आहे, आणि त्यामुळें तिच्या वांट्याला गंगा-यमुनेसारखें पावित्र्य आलें नाहीं. तिच्या कांठीं घाट थोडे, यात्रा थोड्या, मोठीं शहरेंही थोडीं. माळव्यांत महूजवळच्या जानापावच्या डोंगरांत उगम पावून सुमारें ९६० किलोमीटर वाहत ती यमुनेला मिळते. कोट्याच्या पुढें तिच्या पाण्याला फारसा कोणी हात लावीत नसे. कथेनें विटाळलेली आणि दरोडेखोरांनीं भिववलेली ही नदी त्यामुळेंच स्वच्छ राहिली, असें तिकडचे लोक सांगतात. पाणी पाहिल्यावर तें मला पटलें. दोन पुरुष खोलीवरचे गोटे दिसत होते.

नावाड्यानें नाव मधल्या धारेंत घेतली व थोड्या वेळानें वल्हें थांबवून बोट दाखविलें. वाळूच्या लांबट बेटावर मला प्रथम ओंडके पडलेले दिसले. मग एका ओंडक्यानें तोंड उघडलें. मोजून तेरा घडियाल होते, सर्वांचीं तोंडें पाण्याकडे. थंड रक्ताचा प्राणी. हिंवाळ्यांत ऊन खाल्ल्यावांचून त्याच्या शरीरांतली चूल पेटत नाहीं. म्हणूनच त्यांची मोजदाद फेब्रुवारींत करतात, कारण तेव्हां ते पाण्याबाहेर दिसतात. सर्वांत मोठा नर पंधरा फुटांच्या खालीं खास नव्हता. पूर्ण वाढलेला नर त्याहूनही लांब, कधीं अठरा फुटांपर्यंत भरतो. मादी लहान असते. रंग हिरवट-करडा, वाळलेल्या शेवाळासारखा.

आणि तें नाक! इतकें लांब व इतकें बारीक नाक एवढ्या अजस्र धडाला कसें लागलें, असा विचार त्याला पाहतांक्षणींच मनांत येतो. त्यांत शंभराहून अधिक दांत असतात. बारीक, धारदार, वरचे खालच्यांच्या फटींत बसणारे. मासा हा बुळबुळीत आणि चपळ. त्याला धरण्यासाठीं पाण्यांत जबडा झटकन आडवा फिरवावा लागतो. मगरीचा रुंद जबडा असा फिरवूं लागलें तर पाणी अडवील. सूप आडवें धरून हौदांत फिरवून पाहावें म्हणजे कळेल. काठी मात्र सहज फिरते. घडियालाचें नाक ही ती काठी. मासा दांतांत अडकला कीं तो तोंड वर करून त्याला उलटवतो आणि डोक्याकडून गिळतो, म्हणजे माशाचे कांटे घशांत उलटे लागत नाहींत. त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर एवढेंच होतें. दोन मिनिटांत सांगून झालें असतें.

नराच्या नाकाच्या टोंकाला एक गोळा असतो, पालथ्या घातलेल्या लहानशा मडक्यासारखा. घड्यासारखा म्हणून घडियाल. वयाच्या दहा-बारा वर्षांपुढें तो वाढूं लागतो. नाकपुड्यांतून जोरानें सोडलेला श्वास ह्या घड्याखालून जातांना घुमतो, आणि तो आवाज शांत हवेंत पुष्कळ दूरवर ऐकूं जातो. विणीच्या दिवसांत माद्यांना बोलावणें आणि इतर नरांना बजावणें हीं दोन्ही कामें तो आवाज करतो. मगरीच्या सबंध कुळांत नर कोणता व मादी कोणती हें दुरून पाहूनच सांगतां येतें असा हा एकच प्राणी आहे. ह्या घड्याच्या अंगीं औषधी गुण आहे अशी समजूत होती, आणि त्यापायीं कित्येक नर मारले गेले. वैद्यकांतल्या समजुतींनीं प्राण्यांवर जेवढें संकट आणलें आहे तेवढें क्वचितच दुसऱ्या कशानें आणलें असेल. पण तो विषय आजचा नव्हे.

त्याच्या पायांची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. शेंपटी बळकट, मागच्या पायांना पडदे, त्यामुळें पाण्यांत तो अत्यंत डौलदार. जमिनीवर मात्र पूर्ण वाढलेल्या घडियालाला आपलें धड उचलून चालतांच येत नाहीं. पोटावर सरकत, वाळूवर रुंद चरा पाडीत तो पाण्यापर्यंत जातो. म्हणजे मी फळ्यावर माणसामागें ज्याला धांववीत होतों, त्याला धांवतांच येत नाहीं. घडियाल माणूस खात नाहीं. कांहींच्या पोटांत बांगड्या व दागिने सांपडले म्हणून तो नरभक्षक ठरला. परंतु पचनाला मदत म्हणून हा प्राणी गोटे गिळतो, आणि ज्या नद्यांत प्रेतें सोडण्याची चाल होती त्या नद्यांच्या तळांतून गोट्यांबरोबर दागिनेही त्याच्या पोटांत जाणें स्वाभाविक होतें.

आतां वाळूकडे वळतों, कारण ह्या प्राण्याचें सारें दैव वाळूंत पुरलेलें आहे.

मार्चच्या अखेरीपासून मादी रात्रीच्या वेळीं कांठावर येते आणि पाण्याच्या पातळीपेक्षां उंच अशी वाळूची जागा शोधते. ती जागेची फार चोखंदळ असते. एकदोन खड्डे उकरून पाहते, सोडून देते, पुन्हां उकरते. वाळू फार भरड नको, फार ओली नको, आणि जवळच खोल पाणी हवें. मनाजोगी जागा मिळाली म्हणजे हातभर खोल खड्ड्यांत ती तीस ते पन्नास अंडीं घालते, आणि मागच्या पायांनीं वाळू ओढून खड्डा बुजविते. एकेका अंड्याचें वजन सुमारें १६० ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या जवळजवळ तीन अंड्यांएवढें. मगरीच्या कुळांत एवढें मोठें अंडें दुसऱ्या कोणाचें नाहीं. बहुधा एकाच वाळूच्या पट्टीवर अनेक माद्या जवळजवळ घरटीं करतात. ती पट्टी म्हणजे त्यांची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली सूतिकागृहाची जागा. कित्येक घडियाल पावसाळ्यांत जेथें राहतात तेथून शंभर किलोमीटरांहून अधिक पोहून ह्या ठरलेल्या जागीं येतात, असें त्यांच्या अंगाला यंत्रें बांधून केलेल्या अभ्यासांत दिसून आलें आहे.

अंडीं उबविण्याचें काम मादी करीत नाहीं; तें ऊन आणि वाळू करतात. त्यांत आणखी एक नवल आहे. अंड्यांतून नर निघणार कीं मादी, हें आईबापांच्या रक्तावर ठरलेलें नसतें. वाळूच्या उष्णतेवर ठरतें. एकदोन अंशांच्या फरकानें सगळा जमाखर्च बदलतो. मादी मात्र दिवसां जवळच्या पाण्यांत राहून लक्ष ठेवते आणि रात्रीं घरट्यापाशीं येते, कारण कोल्हे, रानडुकरें आणि घोरपडी टपलेल्या असतात. सुमारें दोन-अडीच महिन्यांनीं, जूनच्या आरंभीं, वाळूखालून आवाज येऊं लागतात. पिलें अंड्यांच्या आंतूनच चिवचिवतात. तो आवाज ऐकून मादी वाळू उकरते, आणि फूटभर लांबीचीं पिलें, ज्यांत निम्मी शेंपटी आणि उरलेलें बरेंचसें नाक, पाण्याकडे धांव घेतात. हो, पिलांना चालतां येतें; वजन वाढल्यावर ती कला नाहींशी होते.

पुढची गोष्ट मीं पुस्तकांत वाचली तेव्हां ती खरी वाटली नव्हती. नावाड्यानें ती स्वतः पाहिली होती. अनेक घरट्यांतलीं पिलें पाण्यांत एकत्र येतात. शेंकड्यांनीं. आणि त्यांच्या राखणीला माद्यांबरोबर एक मोठा नरही राहतो. पिलें त्याच्या पाठीवर, डोक्यावर, त्या घड्यावरसुद्धां चढून बसतात, आणि तो पाण्यांत निश्चळ पडून राहतो. "मास्टरजी," नावाडी म्हणाला, "तेव्हां त्याची पाठ दिसतच नाहीं. नुसतीं पिलें दिसतात." सुसरबाईची पाठ मऊ म्हणणें ही खोटी स्तुति, असें मी शिकवीत आलों होतों. त्या खवल्यांच्या पाठीवर निजलेल्या पिलांना कोणी विचारलें असतें तर त्यांनीं काय सांगितलें असतें कोणास ठाऊक.

परंतु हा सोहळा थोड्या दिवसांचा. जूनच्या अखेरीस मोसमी पाऊस येतो, चंबळ एका रात्रींत गढूळ व विक्राळ होते, आणि बहुतेक पिलें पुरांत वाहून जातात. घारी, कासवें, मोठे मासे हे निराळेच. शंभर पिलांतलें एखादेंच मोठें होतें. निसर्गानें हा खर्च धरलेला आहे. म्हणूनच तर माद्या दरवर्षीं एवढीं अंडीं घालतात आणि मोठा घडियाल कित्येक दशकें जगतो. त्यानें जो धरला नव्हता तो खर्च पुढें आला.

१९४० च्या सुमारास पांच ते दहा हजार घडियाल असावेत असा अंदाज करण्यांत आला आहे. कातड्याला भाव आला, बंदुका स्वस्त झाल्या, अंडीं काढून खाण्याची चाल होतीच, आणि मग नायलॉनचीं जाळीं आलीं. लांब नाक जाळ्यांत गुंतलें म्हणजे सुटत नाहीं. प्राणी बुडून मरतो, किंवा जाळें फाटूं नये म्हणून कोळी तें नाकच तोडून टाकतो. ज्या नाकानें त्याला लक्षावधि वर्षें पोसलें, तेंच असें घातास आलें. धरणें आलीं. १९७४ सालीं बस्टर्ड नांवाच्या मगरींच्या तज्ज्ञानें संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेसाठीं पाहणी केली आणि हा प्राणी संपण्याच्या मार्गावर आहे असें स्पष्ट बजावलें. त्या सुमारास हिंदुस्थानांत दोनशेंहूनही कमी घडियाल उरले होते. इरावतींतून तो गेला, भूतानांतून गेला, सिंधूंतून जवळजवळ गेलाच.

तेव्हां एक चांगलें काम झालें, तें मोकळेपणानें सांगितलें पाहिजे. १९७२ च्या वन्यप्राणी संरक्षण कायद्यानें त्याला पहिल्या परिशिष्टांत जागा मिळालीच होती. १९७५ सालीं सरकारनें मगरींच्या संवर्धनाची योजना हातीं घेतली. ओरिसांत टिकरपाड्यास, लखनौजवळ कुकरैलला आणि पुढें मुरैन्याजवळ देवरीस केंद्रें निघालीं. घरट्यांतलीं कांहीं अंडीं आणावयाचीं, वाळूंत उबवावयाचीं, पिलें चारेक फूट होईपर्यंत हौदांत सांभाळावयाचीं, आणि मग नदींत सोडावयाचीं. १९७८ व १९७९ सालीं मध्यप्रदेश, उत्तरप्रदेश आणि राजस्थान ह्या तीन राज्यांनीं मिळून चंबळेला अभयारण्य केलें. एक नदी वांचविण्यासाठीं तीन राज्यें एकत्र येण्याचा प्रसंग आपल्याकडे विरळा. हजारों घडियाल वाढवून नद्यांत सोडण्यांत आले. आकडे चढले आणि सर्वांना वाटलें, काम फत्ते झालें. पैसा आटला, देखरेख ढिली पडली. १९९७ सालीं जगांत मोठे घडियाल ४३६ होते. २००६ सालीं ते १८२ वर आले. इतके सोडूनही इतके कमी कसे? वर्गांत मुलें भरलीं पण शाळेची इमारतच कोणी विटाविटांनीं नेत असेल, तर पट वाढून काय उपयोग?

त्यांतच २००७ चा डिसेंबर उजाडला. चंबळ यमुनेला मिळते त्या बाजूला, इटावा जिल्ह्यांत, मेलेले घडियाल कांठाला लागूं लागले. मार्चपर्यंत शंभराहून अधिक गेले. देशोदेशींचे तज्ज्ञ आले. शवें उघडून पाहिलीं तेव्हां मूत्रपिंडें निकामी झालेलीं आणि आंतड्यांवर व इतर अवयवांवर युरिक ॲसिडाचे पांढरे थर साचलेले आढळले. यमुनेंतून वर चढणाऱ्या माशांवाटें कांहींतरी विष त्यांच्या पोटांत गेलें असावें, असा बहुतेकांचा कयास. परंतु तें विष कोणतें हें निर्विवादपणें ठरलें नाहीं. निर्मळ चंबळेंत राहूनही दुसऱ्या नदीची घाण त्यांना भोंवली. २००७ सालींच जागतिक निसर्गसंरक्षण संघानें आपल्या यादींत घडियालाला अत्यंत संकटग्रस्त प्राण्यांत घातलेलें होतें.

त्यानंतर पुन्हां लक्ष पुरविण्यांत आलें. आज एकट्या चंबळेंत लहानमोठे मिळून दोन हजारांहून अधिक घडियाल मोजले जातात. परंतु त्यांत पिलें व अल्पवयीनच फार. २०१९ सालच्या हिशेबाप्रमाणें साऱ्या जगांत पूर्ण वाढलेले घडियाल सुमारें ६५० होते, आणि त्यांतले पांचशेंच्या आसपास ह्या एका नदींत. उरलेले गिरवा, गंडक, शोण, रामगंगा आणि नेपाळांतील राप्ती-नारायणी अशा नद्यांत पांगलेले.

परततांना नावाड्यानें नाव एका वळणाशीं घेतली. तेथें कांठाची वाळू करवतीनें कापल्यासारखी सरळ कापलेली होती, आणि तिच्यावर ट्रॅक्टरच्या चाकांचे माग होते. अभयारण्यांतून वाळू काढण्यास बंदी आहे. ट्रॅक्टर रात्रीं येतात. पूर्वीं येथें किती घरटीं असत, असें मीं विचारलें तेव्हां त्यानें दोन्ही हातांचीं बोटें दाखविलीं आणि मग मुठी मिटल्या. वरच्या बाजूला गांधीसागरापासून कोट्याच्या बंधाऱ्यापर्यंत धरणांची रांग आहे. शेतीला पाणी हवें हें कोण नाकारील? परंतु उन्हाळ्यांत नदी इतकी उतरते कीं, बेटें कांठाला जोडलीं जातात, आणि जेथें फक्त घडियाल पोहोंचत असे तेथें कोल्हीं, कुत्रीं व गुरें चालत जातात. मगर असती तर दुसरें डबकें शोधती. घडियालाला तो मार्ग नाहीं, कारण त्याला चालतां येत नाहीं.

तीं ट्रॅक्टरचीं चाकें पाहतांना मला आमचें घर आठवलें. वीस वर्षांपूर्वीं भविष्यनिर्वाह निधीचे पैसे काढून आम्ही तें बांधलें. वाळूचे ट्रक दारापुढें रिकामे झाले, आणि गल्लींतलीं मुलें संध्याकाळभर त्या ढिगावर खेळत होतीं. वाळू चाळतांना चाळणींत नदींतले लहान शिंपले उरत. सौभाग्यवतीनें ते गोळा करून तुळशीवृंदावनाभोंवतीं लावले. ते अजून तेथें आहेत. ठेकेदाराशीं मीं भावाबद्दल पुष्कळ घासाघीस केली, ब्रासमागें किती रुपये सुटले तेंही मला आठवतें. ती वाळू कोणत्या नदींतली, हें मात्र मीं विचारलें नव्हतें. ती चंबळेची नव्हती, आपल्याकडच्याच कुठल्याशा नदीची होती, हें खरें. आणि आपल्या नद्यांत घडियाल नाहीं, हेंही खरें. परंतु नावाड्याच्या मिटलेल्या मुठीकडे पाहतांना ह्या खरेपणाचा मला फारसा आधार वाटला नाहीं.

ह्याच्या उलट बाजूची एक हकीकत सांगतों. ओरिसांत महानदीच्या सातकोसिया घळींत वाढविलेले घडियाल सोडण्याचा उद्योग १९७० नंतरच्या दशकांत सुरू झाला होता, पण सोडलेले टिकत नव्हते, आणि नदींत नैसर्गिकपणें पिलें निघणें तर बंदच पडलें होतें. चाळीस वर्षें लोटलीं. २०२१ च्या मे महिन्यांत तेथें वाळूंतून अठ्ठावीस पिलें निघालीं. वनखात्याच्या नोकरांनीं त्या जागेवर रात्रंदिवस पाळत ठेविली, कोळ्यांचीं जाळीं दूर ठेवण्यांत आलीं. अठ्ठावीस हा आकडा लहान आहे. त्यांतल्या किती पिलांना पहिला पूर पेलवला असेल, ह्याचा हिशेब आपण मघांशीं पाहिलाच.

घरीं आल्यावर मीं त्या जुन्या विद्यार्थ्याचा पत्ता शोधून काढला. तो आतां चाळिशीच्या पुढें आहे, ठाण्यास नोकरी करतो, त्याला एक मुलगा आहे. मीं त्याला सविस्तर पत्र लिहिलें: नाक लांब कां असतें, तें सूप आणि काठीच्या दृष्टांतासह लिहिलें, चित्रकार चुकला नव्हता, मी चुकलों होतों, हेंही लिहिलें. पंधरा दिवसांनीं त्याचें उत्तर आलें. 'गुरुजी, तो प्रश्न मीं विचारला होता हें मला मुळींच आठवत नाहीं. पण पत्र मुलाला वाचून दाखविलें. नाकाचें त्याला समजलें. परंतु बापाच्या पाठीवर बसलेलीं पिलें पाहावयाचीं, असा त्यानें हट्ट धरला आहे. कोणत्या महिन्यांत जावें, तें कृपा करून कळवावें.'

मीं उलट टपालीं कळविलें: ऊन खाणारे मोठे घडियाल पाहावयाचे तर फेब्रुवारी, पिलें पाहावयाचीं तर जूनचा दुसरा आठवडा, ऊन फार असतें, टोपी व पाणी बरोबर असावें, नाव घरट्यांच्या जवळ नेण्याचा आग्रह धरूं नये, आणि पावसाच्या आधीं परत फिरावें.